विजेरी, नमुना क्रमांक दोन

...नाही, तुम्हीच सांगा, बाईमाणसानं सकाळी सकाळी मटार काढायला फ्रीझर उघडावा आणि मटारांनी आतून लालभडक डोळे करून आपल्याकडे बघावं, हे काय संसाराचं लक्षण झालं? लाल हो, लाल! बर्फाचा ट्रे लाल, मटारांची पिशवी लाल, मागच्या महिन्यात जपून ठेवलेलं आइस्क्रीम लाल... मी किंचाळले. किंचाळणारच! तर मागून आमचे हे, ब्रश तोंडात, फेसासकट ओरडतायत, "बंद कल! दाल बंद कल! तापमान वाढतंय!" डाळ नाही हो, दार म्हणायचं होतं त्यांना. मी मात्र गॅसवर डाळ आहे का ते बघायला धावले, फ्रीझर तसाच उघडा, आणि हे ब्रश टाकून फ्रीझरवर असे झेपावले, असे झेपावले, की लग्नात हार घालतानासुद्धा एवढे पुढे सरकले नव्हते!

तुम्हाला सांगते, उजेड पडलाय आमच्या घरात, नुसता उजेड!

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल बाई सुटलीच. आमचे हे लष्कराच्या भांडारात भांडारपाल आहेत. लष्कर म्हटलं की लोक लगेच ह्यांच्या छातीकडे बघतात, पदकं-बिदकं आहेत का म्हणून. अहो, सत्तावीस वर्षं झाली, ह्यांनी बंदूक बघितलीय ती फक्त मोजायला! बूट किती, घोंगड्या किती, पाण्याच्या बाटल्या किती, त्यातल्या बिनझाकणाच्या किती. पण मोजणी अशी चोख, की लग्नानंतर आठ दिवसांत माझ्या पिना मोजून ठेवल्या होत्या. सत्तावीस वर्षांत एक खोटी नोंद नाही आणि सत्तावीस वर्षांत साहेबांना एक 'नाही' नाही. दोन्हींचा ह्यांना सारखाच अभिमान!

तर एक दिवस पत्र घेऊन आले. 'क्षेत्रीय वापराकरिता विजेरी व विद्युतघट यांची निवड.' मी म्हटलं, अहो विजेरी कोण? तर म्हणाले, अगं टॉर्च! आता टॉर्चला आमच्या सासूबाई म्हणतात बॅटरी. बॅटरीला आम्ही म्हणतो सेल. आणि सेल म्हटलं की शेजारीण विचारते, "कुठे लागलाय गं?" म्हणजे एका दिव्यासाठी चार माणसं चार दिशांना! सैन्यात काय होत असेल, देव जाणे.

पुढे डोंगरावर, थंडीत, जिथे माणसं पहारे देतात ना, त्यांच्यासाठी टॉर्च निवडायचा. तीन कंपन्यांचे तीन नमुने, तीन माणसांची समिती. पैकी एकाचा पाय मोडलेला, तो रजेवर. दुसऱ्याच्या निवृत्तीला आठ दिवस उरलेले, त्यानं आता कशावरच सही करायची नाही असा पणच केलेला. चहाच्या चिठ्ठीवरसुद्धा नाही! मग उरले कोण? आमचे हे. एकटेच समिती. स्वतःच प्रस्ताव मांडायचा, स्वतःच अनुमोदन द्यायचं.

मी म्हटलं, मग करा की भांडारात बसून! घरी कशाला? तर म्हणे, भांडारात अंधार करता येत नाही. नियम आहे! दिवे चोवीस तास चालू, बंद करायचे तर तीन सह्या, आणि त्यातली एक त्या पण केलेल्या गृहस्थांची. शिवाय तिथे फ्रीज नाही. मग काय, आलं सगळं आमच्या घरी. माझं शिलाई मशीन कोपऱ्यात, आणि टेबलावर तीन टॉर्च ओळीनं, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी: नमुना क्रमांक एक, दोन, तीन.

क्रमांक एक म्हणजे काय थाट! काळा कुळकुळीत, शेपटीला एकच बटण, आणि त्या एका बटणात सात करामती. एकदा दाबलं की पांढरा, पुन्हा दाबलं की आणखी पांढरा, मग निळा, मग हिरवा, मग लाल, मग लुकलुक, मग मदतीची हाक... म्हणजे तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे असे झपके, जहाज बुडताना देतात तसे. सेल नाहीतच आत, मोबाइलसारखा चार्जिंगला लावायचा. हा मोठ्या साहेबांचा लाडका! साहेबांनी म्हणे संध्याकाळी कचेरीच्या खिडकीतून पाण्याच्या टाकीवर झोत टाकला, तर टाकीवरचं कबुतर उडालं. "बघितलंत? रेंज!" झालं, कबुतर उडालं म्हणजे टॉर्च पास!

क्रमांक दोन अगदीच गरीब बिचारा. मान वाकडी, रंग मळखाऊ, अंगठ्याएवढी मोठी खटकी, पुढे-मागे सरकवायची, बस. पुढे सरकवली की लाल. पांढरा हवा असेल तर पुढची लाल काच बोटानं वर करायची. आत घड्याळातले असतात तसले साधे दोन सेल.

आणि क्रमांक तीन एवढासा. एवढासा म्हणजे, गोळ्यांच्या डबीत मावेल एवढा. तो कुठल्या चाचणीत बाद झाला ठाऊक आहे? ह्यांच्या पँटच्या खिशात राहिला आणि धुण्यात गेला. एक तास दहा मिनिटं, साबणासकट, पिळून! बाहेर काढला तर चालू! ह्यांनी आनंदानं लिहिलं, 'पाण्यात उत्तम.' आणि लिहून खाली ठेवला तो आजतागायत सापडलेला नाही. मग त्याच्याखाली लिहिलं, 'परंतु हरवतो.'

मग सुरू झाल्या चाचण्या! दीड मीटर उंचीवरून सहा बाजूंनी पाडणे. हे माझ्या स्टुलावर उभे, हातात टॉर्च, धप्प! पुन्हा वर, धप्प! खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली, हळूच म्हणते, "काही भांडण वगैरे...?" मी म्हटलं, नाही गं, संशोधन चाललंय. ती बसली, मी चहा टाकला. "भाऊजी दिसत नाहीत?" आता काय सांगणार? मी म्हटलं, कपाटात आहेत. ती हसली, तिला वाटलं विनोद. अहो, खरंच कपाटात! भरदुपारी, माझ्या ग्राहकांचे कपडे बाजूला सारून, दार लावून आत! लाल उजेडात नकाशा वाचता येतो का ते बघायचं होतं. घरात नकाशा कुठला? घेतली माझी मापांची वही! आणि आमचं बोलणं रंगात आलंय तोच कपाटातून आवाज, "कंबर... बेचाळीस! वा! अगदी स्वच्छ दिसतंय!"

बेचाळीस तिचीच होती हो. तिनं चहाचा कप खाली ठेवला. त्या दिवसापासून ती जिन्यात भेटली की पोट आत ओढून उभी राहते, आणि माझ्याशी बोलत नाही.

तुम्हाला सांगते, उजेड! नुसता उजेड!

आता फ्रीझरचं. थंडीत म्हणे सेल मरतात. म्हणजे घरात दहा तास जळणारा सेल बर्फात दोन तासांत मान टाकतो. म्हणून टॉर्च पेटवून फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि दर अर्ध्या तासानं जाऊन बघायचं, जिवंत आहेत का! बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा घालतो ना तशा ह्यांच्या फेऱ्या. साधे सेल दुपारपर्यंत गेले. साहेबांचा लाडका क्रमांक एक, तो तर त्यांच्याही आधी गेला. मग लिथियमचे सेल आणले, ते क्रमांक दोनमध्ये घातले. ते आपले चालू. संध्याकाळी चालू, रात्री जेवताना चालू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मटार काढायला गेले तरी चालू. तेव्हाची ती माझी किंकाळी.

आता ह्या सगळ्यात आमच्या सासूबाई. वय एक्क्याऐंशी. कान तल्लख, जीभ त्याहून तल्लख, फक्त बोटं वळत नाहीत. सांधे आखडलेत, कप धरायचा तर दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. त्यांची चप्पल पलंगाखाली गेली, म्हणून त्यांनी टेबलावरचा टॉर्च उचलला. नेमका क्रमांक एक! बोटानं ते बारीक बटण दाबतायत, दाबतायत... आणि एकदम लुकलुक! पलंग निळा, भिंत हिरवी, सासूबाई कधी दिसतायत कधी नाही! "अरे ए! ही बॅटरी आहे की लग्नाची वरात? बंद कर मेल्या!" हे धावले, "आई, चार वेळा दाब, नाही, पाच वेळा, आता जोरात, आता धरून ठेव..." सासूबाई म्हणाल्या, "मला चप्पल शोधायचीय, परीक्षेला नाही बसायचं." आणि क्रमांक दोन उचलला, तळव्यानंच खटकी पुढे ढकलली, लाल उजेड पडला, चप्पल मिळाली, विषय संपला.

हे समजुतीच्या स्वरात म्हणतात, "आई, हे तुझ्यासाठी नाहीये. हे सैनिकांसाठी आहे. तरणीबांड माणसं ती, त्यांची बोटं काय तुझ्यासारखी आहेत?"

सासूबाईंनी तळव्यानंच खटकी मागे ओढली आणि क्रमांक दोन टेबलावर ठेवून दिला.

आणि दुसऱ्याच दिवशी हवालदार घरी आला. वरच्या चौकीवरून आठ महिन्यांनी खाली आलेला. चाचणीसाठी थंडीचे हातमोजे हवे होते ना, ते द्यायला. माणूस असा अबोल, की "बसा" म्हटलं तर बसला आणि "चहा?" म्हटलं तर नुसती मान हलवली. मी कप पुढे केला, आणि बघते तर कप दोन्ही तळव्यांत धरला त्यानं. अगदी सासूबाई धरतात तसा. समोर सासूबाई, हातात तसाच कप. दोघं एकमेकांच्या हातांकडे बघतायत.

आमच्या सासूबाईंना आडपडदा ठाऊक नाही. "काय रे, तुझ्या बोटांना काय झालं?"

"थंडी, आजी."

"दाखव."

त्यानं उजवा हात पुढे केला. मधल्या दोन बोटांची टोकं नव्हती हो. चाळिशीचासुद्धा नसेल तो! सासूबाईंनी आपल्या त्या आखडलेल्या हातात त्याचा हात घेतला, उलटासुलटा करून बघितला, भाजी निवडतात तसा, आणि म्हणाल्या, "रात्री ठणकतं?"

"ठणकतं."

"माझंही. गरम पाण्यात धरत जा. सूनबाई, ह्याला अजून चहा दे."

मी स्वयंपाकघरात गेले ती उगीच बराच वेळ साखर शोधत राहिले. साखर समोरच होती.

जाताना दारात तो ह्यांना म्हणाला, "मी गुरुवारी पुन्हा वर चाललोय. त्याच्या आधी ठरलं तर बरं." एवढंच. आणि आमचे हे, जे आतापर्यंत टॉर्च टॉर्च करून नाचत होते, ते टेबलापाशी जाऊन बसले. हातमोजे घातले. ते जाडजूड मोजे, अस्वलाचे पंजे नुसते! आणि क्रमांक एकचं बटण दाबायला लागले. दाबतायत, दाबतायत. मग लिहिलं काहीतरी, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "अगं, साहेबांनी क्रमांक एकचा कागद टाइपसुद्धा करून ठेवलाय. फक्त सही करायचीय." आणि पुन्हा क्रमांक एकचं बटण दाबायला लागले.

बुधवारी बैठक! आणि मी तिथे कशी, विचारा की! हे सगळं घेऊन गेले आणि पुन्हा चार्ज करून फ्रीझरमध्ये ठेवलेला क्रमांक एक विसरले. मग फोन, "अगं, तो घेऊन ये, पण थंडच्या थंड आण!" मी आपली मटारांच्या पिशवीत गुंडाळून, डब्यात घालून निघाले. फाटकावर पहारेकरी. "यात काय आहे?" मी म्हटलं, मटार. "आणि?" मी म्हटलं, आणि तुमच्या फौजेचं भवितव्य, सोडा लवकर, वितळतंय! सोडलं त्यानं. मला वाटतं, घाबरला.

आत मोठे साहेब, आमचे हे, कोपऱ्यात हवालदार. मला दाराशी खुर्ची दिली. साहेब टॉर्च हातात घेऊन बोलतायत, "आजचा जमाना मल्टी-फंक्शनचा आहे! सात मोड! त्या क्रमांक दोनमध्ये काय आहे? माझे आजोबा शेतावर न्यायचे असला!" आणि हे आपले, "हो साहेब... खरंय साहेब..." मी मनात म्हटलं, झालं. सत्तावीस वर्षांची सवय, आता अठ्ठाविसाव्यात काय सुटणार?

पण ह्यांनी पिशवीतून ते हातमोजे काढले. म्हणाले, "साहेब, एक विनंती. हे घाला. टॉर्च हा थंडगार घ्या. समजा तुम्ही चौकीवर आहात, समोर शत्रू आहे, आणि नकाशा बघायचाय. फक्त लाल दिवा लावा. पांढरा लागला तर समोरच्याला आपण दिसलो." आणि मनगटावरच्या घड्याळात बघायला लागले. साहेब हसले. "हे काय, एका सेकंदात!" दाबलं. पांढरा झोत सरळ साहेबांच्याच डोळ्यांत! दाबलं, आणखी पांढरा! दाबलं, लागेचना, मग एकदम निळा, हिरवा, आणि घाईघाईत दोनदा दाबलं गेलं तर लाल हुकला आणि लुकलुक सुरू! साहेब दाबतायत, मोज्याचं बोट बटणाच्या बाजूला, भिंतीवर साहेबांची सावली नाचतेय. मी ओठ आत घेऊन बसले. हसणार कशी, लष्करात होते मी!

"एक मिनिट चाळीस सेकंद," आमचे हे म्हणाले.

साहेबांनी टॉर्च टेबलावर आपटला. "अहो, मग हातमोजे काढायचे आणि लावायचा! त्यात काय एवढं?"

कोपऱ्यातून हवालदार उठला. दोन पावलं पुढे आला आणि उजवा हात टेबलावर ठेवला. पालथा.

"काढले होते, साहेब."

साहेबांनी त्या हाताकडे बघितलं. मग हवालदारानंच, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं सांगितलं, "मागच्या वर्षीचा टॉर्च असाच होता. आधी पांढरा लागायचा. एकदा लागला. मग तीन तास बर्फात पालथे पडून होतो सगळे, हलायची सोय नव्हती. मोजे टॉर्चजवळच राहिले होते."

आणि मग आमचे हे बोलले. आवाज एवढासा, पण बोलले. "साहेब, क्रमांक एकवर मी सही करणार नाही."

तुम्हाला सांगते, मी ह्यांच्याशी संसार केला, मुलीचं लग्न केलं, दोन घरं बदलली, पण हा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. उजेड पडला म्हणतात ना, तो तेव्हा पडला!

साहेब वाईट नव्हते हो. नुसते उबदार खोलीत होते. त्यांनी मोज्यातल्या हातानं क्रमांक दोन उचलला, खटकी ढकलली. लाल. बंद. लाल. बंद. मग ह्यांचा अहवाल ओढून घेतला आणि वाचायला लागले. एके ठिकाणी थांबले. "हे काय? 'चाचणी घेणारी व्यक्ती: आई. वय एक्क्याऐंशी. बोटे वळत नाहीत. वेळ: दोन सेकंद.' सरकारी अहवालात आई?"

"नोंद खरी आहे साहेब," हे म्हणाले.

साहेबांनी सही केली. क्रमांक दोन, लिथियमच्या सेलसकट, पहिली पेटी उद्याच्या गाडीनं वर. आणि तोवर टेबलावरचा क्रमांक एक मदतीच्या हाकेवर जाऊन अडकलेला, कुणालाच बंद करता येईना, शेवटी साहेबांनी खणात कोंबला. आम्ही निघालो तेव्हाही खणाच्या फटीतून तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे चाललेलं!

फाटकाशी हवालदार म्हणाला, "वहिनी, आजींना सांगा, गरम पाण्याचा गुण येतोय." आणि गेला.

घरी आलो. ह्यांची मान अशी ताठ, की दारातून वाकून यावं लागेल की काय असं वाटलं. सासूबाई पलंगावर बसलेल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि हात पुढे केला. "माझी बॅटरी?"

"आई, ती सरकारी आहे. नमुना आहे तो. उद्या कंपनीला परत..." वाक्य पुरं व्हायच्या आत पिशवीत हात घालून घेतलासुद्धा! बोटं वळत नाहीत म्हणे! उशीखाली ठेवला आणि वर आडव्या झाल्या. ह्यांनी दुपारी एकदा झोप लागलेली बघून उशीखाली हात घातला, तर डोळे न उघडता आवाज, "काय रे?" संध्याकाळी चहाचं निमित्त करून पुन्हा गेले, तर तोंडावर लाल उजेड! दोन सेकंदांत!

आता नमुने परत करायचा छापील कागद असतो. त्यात चार रकाने. परत केला. निकामी झाला. हरवला. शत्रूच्या हाती पडला. चारांतल्या एकावर खूण हवीच, नाहीतर कागद पुढे सरकत नाही. हे तासभर पेन धरून बसले. क्रमांक तीन हरवला, ते सोपं. क्रमांक एक साहेबांच्या खणात, बंदच होईना, म्हणून तो निकामी लिहिला. पण दोनचं काय? परत केला नाही. निकामी नाही, दणदणीत चालतोय. हरवला म्हणावं तर उशीखालून वाकडी मान दिसतेय. आणि खोटी नोंद तर जन्मात केलेली नाही!

शेवटी सुस्कारा टाकला आणि चौथ्या रकान्यात खूण केली. मी म्हटलं, अहो, आई आहेत त्या तुमच्या! तर म्हणाले, "हळू बोल." आणि खाली एक ओळ असते, 'परत मिळवण्याचे प्रयत्न व निष्पत्ती', तिथे आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्रयत्न: दोन. निष्पत्ती: माघार.'